पायाचे हाड, तोंडातले दात

कॅन्सरचा रुग्ण ऑपरेशन होऊन घरी आला म्हणजे भेटायला येणारी माणसे दोन प्रश्न विचारतात. ‘गाठ सगळी निघाली ना?’ आणि ‘खर्च किती आला?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ‘त्यांना जेवता येते का?’ असे विचारणारे माणूस आम्हाला पहिल्या वर्षभरात एकच भेटले. ती आमच्या वस्तीतली भाजीवाली मावशी. आईने गवार, शेवग्याच्या शेंगा, मुळा घेणे बंद केले आणि ती नुसता दुधी आणि भोपळा नेते, हे त्या बाईच्या ध्यानात आले होते.

आम्ही तिघे भावंडे. थोरला दादा महापालिकेत कामगार, मधली ताई अंगणवाडीत, धाकटा एका गोडाऊनवर. वहिनींना धरून चौघे म्हणा, कारण आईच्या आजारपणात सगळ्यांत जास्त राबल्या त्या वहिनीच. हा मजकूर चौघांनी मिळून सांगितला आहे आणि एकाने लिहून काढला आहे. आपल्या वाचकांत असा रुग्ण असलेली घरे आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी लिहीत आहोत.

आई सातारा जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती आपल्या आई-बापाबरोबर खडी फोडायला गेली तेव्हा पंधरा वर्षांची होती. मिश्री तिला तिथे लागली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची. सकाळी दात घासायचे म्हणून बोटावर घ्यायची ती मग दुपारी, संध्याकाळी आणि रात्री निजतानाही हिरडीला लागायची. तंबाखूने भूक मरते हे कामावरच्या बायांना कोणी शिकवावे लागले नाही. भाकरी एक आणि खाणारी तोंडे तीन असली म्हणजे डबी उपयोगी पडे. अशा बाईला ‘व्यसनी’ म्हणून नाक मुरडणाऱ्या शिकल्या-सवरल्या लोकांचा आम्हाला राग येतो. मिश्री वाईटच, ती सुटली पाहिजे, यात वाद नाही. परंतु ती का लागली हे आधी समजून घ्यावे.

२०१८ च्या पावसाळ्यात आईची खालची डावी दाढ हलू लागली. दाढ काढली, पण तो खड्डा काही भरेना. डिसेंबरमध्ये तुकडा तपासायला गेला आणि हिरडीचा कॅन्सर निघाला. आपल्या देशात गालाचा आणि खालच्या हिरडीचा कॅन्सर फार, कारण तंबाखू, गुटखा, मिश्री ही सगळी तिथेच धरून ठेवली जाते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मिश्री मात्र घरातल्या तव्यावरच तयार होते.

जानेवारी २०१९ मध्ये ऑपरेशन झाले. हिरडीच्या खाली लगेच जबड्याचे हाड असते आणि रोग हाडात शिरलेला होता. म्हणून खालच्या जबड्याचा डावीकडचा मोठा भाग दातांसकट काढावा लागला. मानेतल्या गाठीही काढल्या. मग त्याच टेबलावर डाव्या जबड्याच्या जागी आईच्या पायाचे हाड बसवले. आपल्या पोटरीत दोन हाडे असतात. आतले जाड हाड शरीराचा भार पेलते. बाहेरच्या अंगाचे बारीक हाड मधून काढून घेतले, वरचे आणि खालचे टोक ठेवले, तर माणूस चालू शकतो. ते हाड त्याच्या रक्तवाहिन्या आणि वरच्या कातडीच्या पट्ट्यासह काढतात, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापतात, टायटॅनियमच्या पट्टीने जोडतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. जबड्यासाठी ही पद्धत जगात १९८९ पासून रूढ झाली. सकाळी आत नेलेली आई रात्री बाहेर आली. पुढचे काही दिवस नर्स दर तासाला येऊन तोंडातल्या कातडीचा रंग बघत. कातडी काळी-निळी पडली तर रक्त थांबले असे समजायचे. आमच्या आईच्या तोंडात आईच्या पोटरीची कातडी आहे ही गोष्ट दादाला आठवडाभर पटली नाही.

त्यानंतर रेडिएशन. तीस वेळा, एकूण ६० ग्रे, सहा आठवडे. इथे एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. जबड्याच्या हाडाला रेडिएशन मिळाले म्हणजे त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमी होतात. त्या पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत, दहा वर्षांनीही नाही. अशा हाडात नंतर दात उपटला तर जखम न भरता हाडच सडू शकते. म्हणून किडलेले, हलणारे दात रेडिएशन सुरू होण्याआधी काढून टाकतात आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे देतात. आईचे उजवीकडचे दोन दात असे काढले. खाली उजव्या बाजूला पाच दात राहिले आणि वरचे बहुतेक सगळे. रेडिएशन किती आणि कुठे दिले याचा एक कागद मिळतो. तो कागद जपून ठेवा. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, पण ठेवा.

नाकातली नळी निघाली आणि आई घरी जेवू लागली तेव्हा आम्हाला कळले, की चावणे ही नुसत्या दातांची गोष्ट नाही. घास दाढांखाली राहावा म्हणून आतून जीभ आणि बाहेरून गाल त्याला सारखे ढकलत असतात. लाळ त्याला भिजवते. ओठ मिटून धरतात. हे सगळे माणसाच्या नकळत चालते. आईच्या हाडाबरोबर त्यातून जाणारी संवेदनेची नसही गेली होती. त्यामुळे खालचा डावा ओठ आणि हनुवटी बधिर. आमटी ओघळून पदरावर सांडे तेव्हा तिला कळत नसे, समोरच्याला कळे. घास डाव्या गालात जाऊन पडे आणि तिथेच राही. रेडिएशनने लाळ आटलेली. उजवीकडच्या पाच दातांवर चावायला जावे तर जबडा ताठ.

दोन वर्षे तिचे जेवण म्हणजे पेज, वरण-भात कालवून मऊ केलेला, शिरा, केळे, अंडे, मिक्सरमधून काढलेली भाजी. भाकरी आमटीत तासभर भिजवून कुस्करली तरी तिचे कण घशात अडकत. आईने तक्रार केली नाही. तिने फक्त आमच्यात बसून जेवणे बंद केले. आधी सगळ्यांना वाढायची, मग ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. लग्नाला गेली तर ‘मी घरून खाऊन आले’ म्हणायची. भीमजयंतीच्या दिवशी विहारात पंगत बसते, तिथे ती पूर्वी वाढायलाही पुढे आणि जेवायलाही पुढे. आता ती सुरुवातीच्या वंदनेला हजर असायची आणि पंगत मांडायला लागले की चपला शोधायची. तिचे वजन किती घटले ते डॉक्टरांच्या कागदावर आहे. हे मात्र कोणत्याच कागदावर नाही.

तोंड उघडण्याचा व्यायाम हा त्या काळातला आमच्या घरचा मोठा कार्यक्रम. निरोगी माणसाच्या तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावतात. आईच्या तोंडात दोनही मावत नव्हती. फिजिओथेरपीच्या ताईंनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला सांगितल्या. एक काडी साधारण दोन मिलिमीटर जाडीची. दिवसातून चार-पाच वेळा, जेवढ्या मावतात तेवढ्या काड्या धरायच्या आणि जमेल तेव्हा मधे एक सरकवायची. सुरुवात अकरा काड्यांनी झाली. दादाची मुलगी हिशेब ठेवायची आणि आजीला मार्क द्यायची. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले, तपासण्या फोनवर होऊ लागल्या, दातांचे दवाखाने बंद पडले, तरी काड्या चालू राहिल्या. सोळाव्या काडीला घरात पेढे वाटले. आईने पेढा खाल्ला, कारण पेढा विरघळतो.

जबड्यात दात बसवता येतात हे आम्हाला पहिल्यांदा तपासणीच्या रांगेत एका दुसऱ्या रुग्णाच्या मुलाकडून कळले. त्याला इम्प्लांट म्हणतात. हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरून घट्ट झाले की त्यावर दात चढवायचे. या गोष्टीचा शोध स्वीडनच्या ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी लावला आणि तोही दुसरेच काही शोधताना. १९५२ साली ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक नळकांडी बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. काम झाल्यावर नळकांडी काढायला गेले तर निघेना. हाड तिला चिकटून एकजीव झाले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. ते त्या माणसाला चाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, पुरले. सशाच्या पायापासून सुरू झालेले काम आमच्या आईच्या पायाच्या हाडापर्यंत आले, याची आम्हाला गंमत वाटते.

चौकशी करताना एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथे भिंतीवर हसऱ्या लोकांचे फोटो. त्यांनी आईचे तोंड दोन मिनिटे बघितले आणि तीन दिवसांत पक्के दात देतो, आज अर्धे पैसे भरा, म्हणाले. रेडिएशनचा कागद त्यांनी मागितला नाही. आम्ही पुढे केला तर बाजूला ठेवला. दादाने तो कागद उचलला, आईचा हात धरला आणि जिना उतरला. नंतर आम्ही एका दंत महाविद्यालयाच्या कृत्रिम दात विभागात गेलो. अशी सरकारी आणि पालिकेची महाविद्यालये आपल्याकडे आहेत. मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय आहे, पालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) आहेत. तिथे रांग मोठी असते, परंतु कागद वाचला जातो. आमच्या डॉक्टरांनी रेडिएशनचा कागद वाचायलाच अर्धा तास घेतला, कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला आणि मगच स्कॅन लिहून दिला.

त्यांनी अडचणी आधी सांगितल्या. रेडिएशन मिळालेल्या हाडात स्क्रू न धरण्याचा धोका जास्त. पायाचे हाड जबड्याच्या हाडापेक्षा उंचीला कमी, म्हणून वरचे दात लांब करावे लागतात आणि स्क्रूवर ताण येतो. पोटरीची कातडी जाड आणि हलती. हिरडी दाताला घट्ट धरते तशी ती धरत नाही. तिच्याभोवती सूज आणि मांस वाढते. आणि स्क्रूला स्वतःच्या दातासारखी संवेदना नसते. घास कडक आहे की मऊ हे खरा दात कळवतो, हा कळवत नाही.

घरी आल्यावर खरी लढाई झाली. खर्च एक लाख पस्तीस हजार. कॅन्सरचे ऑपरेशन सरकारी योजनेतून झाले होते, दातांचा हा खर्च आमचा आम्हाला करायचा होता. आई म्हणाली, “मला आता काय हाडं फोडायची हायती का? नातीच्या फीला ठेवा पैसं.” ताई म्हणाली की नातीची फी आम्ही बघू. आई म्हणाली, “त्या मशिनीनं पुन्यांदा भोकं पाडायची. यकदा झालं तेवढं बास.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. धाकट्याचे मतही तिच्याच बाजूचे होते. रोग गेला आहे, वजन स्थिर आहे, मग जोखीम कशाला? आमच्यात महिनाभर या गोष्टीवरून धुसफूस चालली. ती इथे सगळी लिहीत नाही.

शेवटी वहिनी बोलल्या. “आत्या, तुम्ही भिंतीकडं तोंड करून जेवता. तुमच्या पाठीमागं बसून आमच्या घशाखाली घास उतरत नाही. पैशाचं नंतर बघू.” आई काही बोलली नाही. पुढच्या तारखेला मात्र ती स्वतः डॉक्टरांसमोर खुर्चीत बसली आणि विचारले, “डॉक्टर, भाकरी खाता यील का?” डॉक्टर म्हणाले, “आजी, दात मी देईन. जीभ, गाल आणि लाळ तुमची आहे तीच राहील. ताजी, मऊ भाकरी कदाचित जमेल. नक्की सांगत नाही.” बाहेर आल्यावर आई म्हणाली, “ह्यो बरा माणूस हाय. घाला काय घालायचं ते.”

पैसे असे उभे केले: दादाने पतपेढीतून साठ हजार, ताईने भिशीचे चाळीस हजार, धाकट्याने बोनसचे पस्तीस हजार. ज्याचे मत विरुद्ध होते त्यानेही दिले, हे नोंदवून ठेवतो.

डिसेंबर २०२१ मध्ये चार स्क्रू बसवले. फक्त भूल देण्याचे इंजेक्शन, आई जागी. त्या बाजूला संवेदना कमीच असल्यामुळे दुखण्यापेक्षा तिला आवाजाचा त्रास झाला. तोंड पुरते उघडले नसते तर ड्रिलचे यंत्र आत शिरलेच नसते, म्हणजे त्या सोळा काड्यांचा उपयोग तिथे झाला. वर कातडी शिवून टाकली आणि थांबायचे. चांगल्या हाडात खालच्या जबड्याला तीन महिने पुरतात. आईला सहा महिने थांबवले. जून २०२२ मध्ये उघडून बघितले, तर तीन स्क्रू घट्ट, एक हलत होता. तो काढला. आईचा चेहरा पडला. डॉक्टर म्हणाले, तीनवर भागवू. त्याच वेळी पोटरीची जाड कातडी आतून पातळ केली. मग तीन स्क्रूंना जोडणारी धातूची पट्टी, आणि तिच्यावर टिचकन बसणारे, काढता-घालता येणारे दात. पक्के चिकटवलेले दात घ्यावेत असे आम्हाला वाटत होते. डॉक्टरांनी समजावले की काढता येणारे दात धुता येतात आणि ते काढल्यावर खालची जागा डोळ्यांनी नीट तपासता येते. कॅन्सरच्या रुग्णाला हे दुसरे कारण मोठे. सप्टेंबर २०२२ मध्ये दात आले.

पहिले सहा आठवडे मऊच खायचे होते. मग उकडलेला बटाटा, मऊ इडली, उकडलेल्या शेंगा. गंमत अशी, की नव्या डाव्या दातांनी ती फारसे चावतच नाही. ती चावते उजव्या बाजूने. परंतु डावीकडे आधार आल्यामुळे जबडा एका अंगाला झुकत नाही, घास गालात पडत नाही, ओठाला आतून टेकण मिळाले, त्यामुळे ओघळणे बरेच कमी झाले. दोन रंगांचे च्युइंग गम चावायला देऊन ते किती मिसळते यावरून चावण्याची ताकद मोजतात, अशी एक परीक्षा असते. आमच्या घरची परीक्षा जोंधळ्याची भाकरी. नोव्हेंबरमध्ये वहिनींनी पातळ भाकरी केली, पापुद्र्याची बाजू काढून दिली, वर मेथीची पातळ भाजी. अर्धी भाकरी खायला आईला पाऊण तास लागला. कोणी मधे बोलले नाही. टीव्ही चालू ठेवला होता, तो कोणी बघत नव्हते.

आज ती एक भाकरी खाते, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून, कारण लाळ काही परत आली नाही. सुकट चालते, खिमा चालतो. मटणाचे हाड, भाजलेले शेंगदाणे, ऊस, चिक्की चालत नाही, चालणारही नाही. ओठ अजून बधिर आहे. गरम चहा ओठाला लावण्याआधी ती बोट बुडवून बघते. नवीन माणसांसमोर ती अजूनही खात नाही. घरात मात्र आमच्याकडे तोंड करून बसते आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणते.

प्रत्येकाला असे दात बसतील असे मात्र कोणी समजू नये. आमच्या नात्यातल्या एका काकांचा जबडा काढल्यावर छातीचे मांस फिरवून तोंड बंद केले. त्यांना हृदयाचा त्रास होता, म्हणून लांबलचक ऑपरेशन टाळले. हाडच नाही तर स्क्रू कशात बसवणार? त्यांचा उरलेला जबडा तोंड मिटताना एका बाजूला सरकायचा. डॉक्टरांनी उरलेल्या दातांवर बसणारी एक वाटाडी पट्टी करून दिली. ती जबड्याला जागेवर आणते. तिला स्क्रूइतका खर्च येत नाही. काका तिच्यावर उपमा, खिचडी, मासे व्यवस्थित खातात. छातीच्या कातडीला तोंडात केस येतात, ते ते नातवाकडून कात्रीने कापून घेतात आणि त्यावर विनोद करतात.

ज्यांचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे त्यांनी एक करावे. पुढे दात बसवायचे की नाही हा विचार ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांकडे काढावा, कारण पायाचे हाड कसे आणि कोणत्या उंचीवर बसवायचे हे त्यावर ठरते. काही ठिकाणी स्क्रू त्याच ऑपरेशनमध्ये, रेडिएशनच्या आधीच बसवतात. मोठ्या हॉस्पिटलात दातांचे डॉक्टर वेगळ्या खोलीत बसतात आणि आपण होऊन भेटायला येत नाहीत, तेव्हा ‘आम्हाला त्यांनाही भेटायचे आहे’ असे म्हणावे. बाहेरगावच्या लोकांना मुंबईत उतरायचे असेल तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि सोबतचे नातेवाईक राहतात.

आईची रोजची कामे दोन वाढली आहेत. रात्री दात काढून मऊ ब्रशने धुवायचे आणि पाण्याच्या वाटीत ठेवायचे. मग आरशासमोर उभे राहून धातूच्या पट्टीच्या खालून बारीक ब्रश फिरवायचा. डावीकडे तिला स्पर्श कळत नाही, म्हणून ते काम बघूनच करावे लागते आणि आमच्या मोरीतला बल्ब मंद होता. धाकट्याने तिथे आता वीस वॉटची ट्यूब लावून दिली आहे.